ओटा बसवायला आलेली माणसं

जर्मनीत श्टुटगार्टला आल्यापासून माझा सगळ्यात जास्त राग कशावर असेल, तर कॉफीवर. म्हणजे कॉफीसाठी घ्याव्या लागणाऱ्या तारखेवर. आमच्या प्लांटमध्ये हजारो माणसं, इमारतींना नावं नाहीत, नंबर आहेत. पर्चेसमधल्या एका बाईंना सहज म्हटलं, चला, कॉफी घेऊ. त्यांनी हसून कॅलेंडर उघडलं आणि पुढच्या महिन्यातला गुरुवार दिला. पावणेतीन ते सव्वातीन. रीतसर इन्व्हाइट आलं, विषय : कॉफी. अहो, भोसरीत टपरीवर निघालो की वाटेत चार टाळकी आपोआप गोळा व्हायची. विचारायचं कसलं, पाठीत धपाटा घालायचा. इथं धपाटा घातला तर पुढची मीटिंग एचआरबरोबर! आणि बाई सव्वातीनला खरंच उठल्या हो. लेकीच्या शाळेचा विषय निघालेला, गप्पा रंगलेल्या, तरी उठल्या. घरी येऊन मी बायकोचं डोकं खाल्लं. ती म्हणाली, "पुढची तारीख दिली का?" दिली होती.

वाढदिवसाचंही तसंच उलटं. ज्याचा वाढदिवस त्यानंच केक आणायचा. आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्या तर अपशकुन! (आणि अंधश्रद्धाळू कोण, तर आपण.)

एक मात्र मानलं. इथं कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेलं मंडळ असतं, बेट्रीब्सराट. १९७२ च्या कायद्यानुसार त्यानं दर तिमाहीला सगळ्यांची सभा घ्यायची, तीही कामाच्या वेळेत, पगार न कापता. तिथं माझ्या शेजारी फोर्कलिफ्ट चालवणारे एक गृहस्थ बसले. १९६१ साली जर्मनीनं तुर्कस्तानातून कामगार आणायचा करार केला, त्यातून त्यांचे वडील इकडे आले. आमच्या इमारती दोन टोकांना, एरवी भेट अशक्य. आता कँटीनमध्ये एका टेबलावर जेवतो. आमच्या जुन्या कंपनीत स्टाफ आणि वर्कर यांच्या जेवणाच्या वेळा वेगळ्या होत्या. त्याला कारणं होती, शिफ्टची सोय वगैरे.

मग आम्ही घर बदललं. इथं भाड्याच्या घरात बऱ्याचदा स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाची जोडणी. ओटा, सिंक, शेगडी, सगळं आधीचा भाडेकरू उचलून नेतो. कँटीनमध्ये मी रडगाणं गायलो, मदत मागितली नव्हती. शनिवारी सकाळी आठच्या ठोक्याला बेल वाजली. फोर्कलिफ्टवाले काका स्वतःची व्हॅन आणि ड्रिल घेऊन हजर, मागे पर्चेसच्या बाई, हातात सपाटी तपासायची स्पिरिट लेव्हल. शनिवारच का, तर रविवारी ड्रिल चालवायला बंदी. दिवसभर खपले. बाईंनी एक कपाट तीनदा उतरवायला लावलं, कारण बुडबुडा मध्यावर येईना. आम्ही जमिनीवर इंडक्शन ठेवून कांदेपोहे केले. काकांनी वर हिरवी मिरची मागून घेतली, बाईंनी शेंगदाणे वेचून खाल्ले.

बायको म्हणते, पुण्यात घर बदललं तेव्हा ऑफिसातलं एक माणूस फिरकलं नव्हतं. फिरकलं असतं. मीच कुणाला सांगितलं नाही. पॅकर्सवाले होते, आणि तिकडे घरात ओटा असतो.