सोळा कोरे

पाचवीतल्या एका मुलीची सरावचाचणी तपासत होते. गणिताच्या भागात 55 प्रश्न. तिनं सोडवले 39, त्यातले 37 बरोबर. उरलेले 16 कोरे. वेळ संपली म्हणून शेवटचे सलग राहिले असते तर मी दुसऱ्यांदा बघितलंही नसतं. पण हे मधलेअधले होते, वेचून सोडलेले, आणि शेवटचा प्रश्न तिनं बरोबर सोडवला होता.

मी मुलांची तयारी घेते ती इयत्तेच्या वरच्या क्षमताचाचण्यांची. शाळेच्या परीक्षेत दोन मुलांना पैकीच्या पैकी गुण असले तर दोघं सारखी हुशार असं वाटतं. प्रत्यक्षात तिथं फूटपट्टी संपलेली असते, मुलं संपलेली नसतात. ज्युलियन स्टॅन्ली या मानसशास्त्रज्ञानं 1972 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात यावर सरळ उपाय केला: बारा-तेरा वर्षांच्या मुलांना, महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्यांसाठी असलेली एसएटी दिली. जी मुलं आपल्या वर्गात एकाच रांगेत दिसत होती ती तिथं लांबलचक विखुरली. आजही तत्त्व तेच आहे. आमची मुलं स्कॅट नावाची चाचणी देतात. चौथी-पाचवीतल्यांना सहावी ते आठवीसाठी बेतलेली पातळी मिळते. एक भाग शब्दसंबंधांचा, एक गणिती तुलनेचा, प्रत्येकाला 22 मिनिटं. एका प्रश्नाला 24 सेकंद. 99 पर्सेंटाइलची सवय असलेल्या घरात 60 पर्सेंटाइल आला की रडारड होते. दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलांमधल्या निम्म्यांहून जास्त जणांच्या तो पुढे आहे, हे कितीही समजावलं तरी पालकांच्या कानात फक्त साठ शिरतं.

गणिती तुलनेत डावीकडे एक राशी, उजवीकडे दुसरी. अ म्हणजे डावी मोठी, ब म्हणजे उजवी मोठी, क म्हणजे समान, ड म्हणजे माहिती अपुरी. उत्तर काढायचंच नसतं, कोण मोठं एवढंच सांगायचं. 3/7 मोठा की 5/12? तिरका गुणाकार केला की 36 आणि 35, संपलं. एखादी धन संख्या मोठी की तिचा वर्ग? इथं बहुतेक मुलं फटकन ‘वर्ग’ म्हणतात. 1 चा वर्ग 1च, हे आठवणारी काही असतात; अर्ध्याचा वर्ग अर्ध्याहून लहान, हे आठवणारी अगदी थोडी. ती जी थोडी असतात, त्यांच्यासाठीच ही सगळी परीक्षा आहे असं मला वाटतं. म्हणून मी आठवीचं बीजगणित शिकवत नाही. शिकवणारे क्लास भरपूर आहेत. त्यांच्याकडून आलेली मुलं अक्षर दिसलं रे दिसलं की समीकरण मांडायला घेतात आणि 24 सेकंदांतले 20 त्यात घालवतात. तिथं मोजली जाते ती क्लासची फी. मी प्रश्नांची ठेवण दाखवते, घड्याळाची सवय लावते, आणि चुकीला गुण कापत नाहीत तेव्हा काहीच कोरं ठेवू नका, हे पहिल्याच तासाला सांगते.

तिलाही सांगितलं होतं.

“हे सोळा का सोडलेस?”

“येत नव्हते.”

“चुकलं तर गुण जात नाहीत, लक्षात होतं ना?”

“हो ताई.”

“मग काहीतरी निवडायचं.”

“आणि ते बरोबर आलं तर त्यांना वाटेल मला येतं.”

अंदाज कसा करावा, यावर माझं एक तयार भाषण आहे. ते मी सुरू केलंसुद्धा. चार पर्याय, सोळा प्रश्न, डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी चार गुण फुकट. तिनं मान डोलावली. हिशोब तिला माझ्याआधी झाला होता. अडचण हिशोबाची नव्हतीच. मग मी दुसरा मुद्दा काढला, जो मला स्वतःला पटतो: ज्या मोठ्या मुलांशी तुझी तुलना होणार, ती काही कोरं ठेवत नाहीत. त्यांच्या गुणांत नशिबाचे गुण धरलेलेच आहेत. तू एकटीच ते सोडलेस तर तू आहेस त्याहून कमी दिसशील.

“मग त्यांचंच मोजमाप चुकतंय,” ती म्हणाली.

यावर काय बोलणार? खरं तर ती जुन्या नियमांची मुलगी आहे. 2016 पर्यंत एसएटीमध्ये पाच पर्यायी प्रश्न चुकला की पाव गुण कापत. स्टॅन्लीच्या मुलांना तोच नियम होता. तिथं येत नसलेलं कोरं ठेवणं शहाणपणाचं असे, तोटाही नसे. नियम बदलला आणि तोच प्रामाणिकपणा तोट्याचा ठरला. हे मी तिला सांगितलं. तिला ते फार आवडलं, आणि मला वाटतं ते सांगून मी माझंच काम अवघड केलं.

शेवटी सोळातला एक प्रश्न पुढे ओढला. डावीकडे 47 × 53, उजवीकडे 50 × 50. विचारलं, “यातलं तुला काहीच माहीत नाही?”

“गुणाकार करायला वेळ लागला असता.”

“करू नकोस. काय नक्की नाही, ते सांग.”

ती थोडा वेळ बघत राहिली. “ड नाही. दोन्हीकडे नुसत्या संख्या आहेत, माहिती पुरेशीच आहे.” मग, “क पण नाही. इथं शेवटी 1 येणार, तिथं 0.”

चारातले दोन गेले. आता निवडलंस तर तो नुसता अंदाज का? तिनं यावर खरंच विचार केला आणि नियम घातला: एक तरी पर्याय कारणासकट खोडता आला तर निवडायचं, नाहीतर कोरं. नियम तिचा, मी फक्त ऐकला. त्या नियमानं सोळांतले अकरा मोकळे झाले.

पण तिचं लक्ष अजून त्या 47 आणि 53 वरच होतं. तिनं कागदावर 20 × 20, 19 × 21, 18 × 22, 17 × 23 असं एकाखाली एक लिहिलं. 400, 399, 396, 391. बाजूला 1, 4, 9. मग 50 मधून तीन सरकलो म्हणजे 9 कमी, 2491, असं म्हणून पुन्हा गुणाकार करून पडताळलं. वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र दहाव्या वर्षी, माझ्या टेबलावर, कुणी न सांगता. या सगळ्याला दहाएक मिनिटं लागली असतील. परीक्षेच्या दृष्टीनं तेवढ्यात पंचवीस प्रश्न बुडाले. मोठी क्षमता शोधायला निघालेली चाचणी 24 सेकंदांत मावणारीच क्षमता शोधते, हे मला कायम खुपतं. आणि तरीही मी मुलांना घड्याळ लावून बसवते, कारण त्या निकालावरच पुढच्या अभ्यासक्रमाचं दार उघडतं.

संध्याकाळी वडिलांचा फोन. “मॅडम, शेवटच्या मिनिटाला राहिलेल्या सगळ्यांना ब दाबायला सांगा ना तिला. एवढं काय त्यात?” मी म्हटलं, युक्ती तिला माहीत आहे, करायची की नाही हे तिला ठरवू द्या. “दहा वर्षांची मुलगी काय ठरवणार?” मला वाटलं, जेवढं तिनं दुपारी ठरवलं तेवढं मोठी माणसं वर्षात ठरवत नाहीत. बोलले नाही. त्यांचीही बाजू अगदीच चूक नाही. मधल्या गुणांच्या पट्ट्यात दोन-तीन प्रश्नांनी पर्सेंटाइल बराच हलतो, आणि पात्रतेची रेष कुणाचं तत्त्व बघत नाही.

पुढच्या सरावात कोरे राहिले पाच. मी ते पाचही तपासले. एकातही खोडता येण्यासारखं काही तिला दिसलं नव्हतं, आणि तिच्या जागी मलाही दिसलं नसतं. खरी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. वडिलांनी घरी ब दाबण्याचा सराव घ्यायला सुरुवात केली आहे, हे तिनंच मला सांगितलं, जरा वैतागून. पाच प्रश्न, चार पर्याय, म्हणजे सरासरी सव्वा गुण. त्या सव्वा गुणावरून त्यांच्या घरात सध्या कुणी कुणाशी धड बोलत नाही.