तुम्ही विचारलंत म्हणून: यंदा अडीच

"यंदा किती पुस्तकं वाचलीस?" अडीच. हे उत्तर मी टपरीवर दिलं, वाचनालयात दिलं, चुलतभावाच्या हळदीत दिलं आणि दर वेळी समोरचा हसला. २०२४ मध्ये ५१ पुस्तकं वाचून ३१ डिसेंबरला स्टेटसला यादी लावणारा गडी २०२५ मध्ये अडीचवर कसा आला? "मोबाइलनं खाल्लं ना तुला?" असंही विचारता. मोबाइल तेव्हाही होताच की. यादी त्यातच तर होती.

ते वेड कुठून लागलं ते तुम्हाला सांगायला नको. फेब्रुवारी २०२४, आपल्या अमळनेरात ९७वं साहित्य संमेलन, १९५२ नंतर पहिल्यांदाच. गावाला जे चढलं होतं तेच मलाही चढलं. दोन पिशव्या पुस्तकं आणली, आठवड्याला एक असा हिशेब मांडला.

नोव्हेंबरात आबांना जळगावला दवाखान्यात ठेवलं. रात्रपाळी माझी. संध्याकाळच्या पॅसेंजरनं धरणगाव, पाळधी करत पोचायचो. पिशवीत डबा आणि पुस्तक. दवाखान्यात वाचायला भरपूर वेळ मिळतो. हे बोलून दाखवायला बरं वाटत नाही, पण मिळतो.

त्या रात्री ४६वं चाललं होतं. आबांचा डोळा लागलाय असं समजून मी स्टुलावर पाय वर घेऊन बसलो होतो. तेवढ्यात आबांनी विचारलं, "कितलं ऱ्हायनं आते?"

मान वर न करता मी शेवटचं पान उलटून बघितलं. म्हणालो, "बारा पानं."

आबा गप्प. मीही पुढे वाचायला लागलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, दीडेक पान झालं असेल. मग पलीकडच्या कॉटवरच्या म्हातारीची सून ओरडली, "ओ भाऊ, बाटली!"

सलाइन केव्हाच संपलं होतं. मनगटापासून वीतभर नळी लाल झाली होती. आबा त्या नळीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. सिस्टर आली, नळीवरचं चाक फिरवून बंद केलं, नवी बाटली टांगली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानं काही बिघडलं नाही, बरं का. बाटली संपली की कधी कधी रक्त नळीत मागे येतं. आबा संक्रांतीच्या आधी गेले ते हृदयाच्या दुखण्यानं, त्या नळीशी त्याचा संबंध नाही. दोन डॉक्टरांना वेगवेगळं गाठून मी हे विचारून घेतलंय.

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते. सिस्टर गेल्यावर, आबा झोपल्यावर, मी राहिलेली पानं वाचून काढली. आणि यादीत नोंद केली. ४६. त्या पुस्तकातलं आज काही म्हणता काही आठवत नाही. मुखपृष्ठ हिरवं होतं.

आबांना मात्र त्याची गंमतच वाटली. भेटायला येईल त्याला सांगायचे, "मी इचारं बाटलीनं, यानी सांगं पुस्तकनं!" सगळा जन्म मिलमध्ये साच्यांच्या खडखडाटात गेलेला, विचारलं एक नि उत्तर आलं दुसरंच, हे त्यांच्या खात्यात रोजचं. माय हसली नाही. आजही त्या विषयावर ती उठून आत जाते.

तर २०२५. पहिलं पुस्तक बहिणाबाईंच्या गाण्यांचं. त्यावरून मी टपरीवर तुमच्याशी वाद घातला, आठवतंय? म्हटलं, बाईंना अक्षरओळख नव्हती, त्या म्हणायच्या आणि दुसऱ्यांनी उतरून घ्यायचं. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये पुस्तक आलं. त्यांच्यापुढे माझ्या ५१ ची काय मिजास? तुम्ही माना डोलावल्या. पण ती चलाखी होती. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मला येतं आणि मी वाचत नाही. या दोन गोष्टी एका पारड्यात कशा बसतील?

दुसरं, बालकवी. धरणगावचा जन्म, आणि जळगावच्या पुढचं भादली, तिथे १९१८ मध्ये रेल्वेखाली गेले, २७ वर्षांचे. लाइन आपलीच. एका बैठकीत उरकलं असतं एवढं पुस्तक मला सगळा पावसाळा पुरलं. मुरवत वाचलं म्हणून असं समजू नका. एकेका पानावर नुसता बसून असायचो.

अर्धं म्हणजे एक कादंबरी, पान १४० वर पडलेली. अर्धं पुस्तक टाकतो तो वाचकच नव्हे, असं मीच तुम्हाला ऐकवत आलोय. त्या शहाण्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. त्याच्या ५१ तली आठ-दहा पुस्तकं मला आतून हलवून गेली होती, आणि तीही आकड्याच्या धाकानंच हातात आली होती. मग चूक आकड्याची म्हणू, की त्या रात्री मान वर न करण्याची? मान तर मी एरवीही वर करत नसे. मायला विचारा.

जुनी यादी अजून मोबाइलात आहे. ४६वी ओळ खोडावी असं दोनदा मनात आलं. पण मग ५० होतात.

कादंबरीचं नाव विचारू नका. डिसेंबरपर्यंत संपली तर यंदाच्यात धरीन.