तुम्ही विचारलंत म्हणून: पहिलं पुस्तक कोणतं?

"एपिक फँटसी वाचायचीय, एक चांगली सिरीज सांग की, अक्का." एपिक फँटसी म्हणजे जादूच्या, कल्पित जगातल्या लांबलचक गोष्टी. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, हुतात्मा एक्सप्रेसमध्ये कुर्डुवाडी येईपर्यंत, कुठेही हा प्रश्न येतो. मी उलटे प्रश्न विचारते आणि समोरच्याचं तोंड वाकडं होतं. एक नाव सांगायला एवढा काय भाव खातेस, असंही ऐकून झालंय. म्हणून हे एकदाच, नीट.

माझा पहिला प्रश्न असतो, इंग्रजीची तासाला किती पानं होतात? यात कुणाला कमी लेखायचं नसतं, तो निव्वळ हिशेब आहे. तासाला पंचवीस पानं होत असतील तर हजार पानांना चाळीस तास लागतात. रोज रात्री एक तास काढला तरी चाळीस रात्री. 'द वे ऑफ किंग्ज' (2010) ही फँटसी कादंबरी एवढीच जाड आहे. त्यात आधी एक पूर्वकथा, मग वेगळ्याच माणसाच्या नजरेतून दुसरी पूर्वकथा, मग पहिलं प्रकरण एका घाबरलेल्या पोराच्या नजरेतून. मुख्य नायकाच्या डोक्यात आपण शिरतो ते दुसऱ्या प्रकरणात. सवयीच्या वाचकाला ही मेजवानी. नवखा तिसऱ्या रात्री विचारतो, नक्की कुणाची गोष्ट चाललीय?

दुसरा प्रश्न: अर्धवट राहिलेली मालिका चालेल का? 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' 1996 ला सुरू झाली, पाचवा भाग 2011 ला आला, सहाव्याची वाट लोक अजून बघतायत. चालत असेल तर खुशाल घ्या. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर पात्राचं नाव असतं, ही नवख्याला मोठी सोय.

एवढी चौकशी का, ते सांगते. माझा मावसभाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. मराठीतल्या जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या त्यानं शाळेतच संपवलेल्या. त्याला मी 'गार्डन्स ऑफ द मून' (1999) दिलं, दहा भागांच्या मलाझान मालिकेतलं पहिलं. पोरगा शिस्तीचा. सोबत दोनशेपानी वही घेऊन बसला. डावीकडे नाव, उजवीकडे कोण कुणाचा. प्रस्तावनेत बारा वर्षांचा एक मुलगा तटावर उभा राहून खालच्या वस्तीतला धूर बघतो. यानं त्याचं नाव लिहून खाली दोन रेघा मारल्या: हाच नायक. पहिल्या प्रकरणात सात वर्षं गेलेली, आणि सुरुवात एका कोळ्याच्या मुलीपासून. दुसऱ्यात वेढा पडलेलं शहर, आकाशात तरंगणारा डोंगर, जादूगारांची कत्तल. मग ते शहर सोडून गोष्ट दुसऱ्याच शहरात.

तीन आठवड्यांनी पुस्तक परत आलं. वहीही आतच राहिलेली. तीत एके ठिकाणी लिहिलं होतं: वॉरेन = सशांची बिळं. शब्दकोशात तोच अर्थ आहे. त्या पुस्तकात मात्र वॉरेन म्हणजे जादू जिथून येते ते जग, आणि ते लेखक मुद्दाम समजावून सांगत नाही. पोरगं तीन आठवडे सशांच्या बिळातून जादूगार बाहेर काढत बसलं होतं.

"माझं इंग्रजीच कच्चंय, अक्का," म्हणाला.

इंग्रजी कच्चं नव्हतं. पहिली दोनशे पानं कळणार नाहीत, कळावीत अशी लिहिलेलीच नाहीत, वही मिटून ठेव आणि वाहत जा, एवढं मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मलाच मिरवायचं होतं. त्यानं पुन्हा कधी पुस्तक मागितलं नाही.

तेव्हाची मी म्हणायचे, चांगलं तेच आधी द्यावं, महाभारतातली शेकडो नावं पेलतात तर ही का नाही पेलणार? आता म्हणते, अगं, महाभारत कुणी आदिपर्वातल्या वंशावळीपासून ऐकलंय का? आजीनं आधी लाक्षागृह सांगितलं, मग चक्रव्यूह. नावं नंतर आपोआप जागेवर बसली. तरी तेव्हाच्या माझं म्हणणं मला पुरतं खोडता येत नाही. मलाझानपासूनच सुरुवात करून बाकी सगळं पाणचट वाटलेले लोक मला माहीत आहेत.

तर नावं. गणित-विज्ञानाची गोडी असेल तर 'मिस्टबॉर्न'. तीन भाग, 2006 ते 2008, गोष्ट पुरी. धातू गिळायचा आणि पोटात जाळायचा, प्रत्येक धातूची शक्ती ठरलेली. लोखंडानं धातू ओढता येतो, पोलादानं ढकलता येतो. नाणं जमिनीवर टाकून ढकललं की नाणं हलत नाही, माणूस वर उडतो. भाषा सोपी. दुसरा भाग वेढ्यात रेंगाळतो, तिथे सोडू नका.

वेळ कमी असेल तर 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (1968), जेमतेम दोनशे पानं. खरं नाव कळलं की त्या वस्तूवर सत्ता चालते. नायकाचं खरं नाव गुरू त्याला तेराव्या वर्षी कानात सांगतो. बारशाला आत्यानं कानात नाव सांगितलेल्या माणसांना हे समजावून द्यावं लागत नाही. संवाद कमी आहेत, ओटीटीवर वाढलेल्यांना कोरडं वाटेल.

मराठीतच हवं असेल तर मुग्धा कर्णिक यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा केलेला अनुवाद, 'स्वामी मुद्रिकांचा'. मूळ इंग्रजी घेतलंत तर हॉबिट या बुटक्या लोकांची आणि त्यांच्या तंबाखूची माहिती देणारी प्रस्तावना सरळ गाळा, वाढदिवसाच्या मेजवानीपासून सुरू करा. एल्रॉन्ड नावाच्या पात्राच्या घरची बैठक हे लांबलचक प्रकरण सुट्टीच्या दिवशी एका दमात संपवा. मध्ये थांबलात तर कोण कशासाठी आलंय तेच विसराल. त्याच जगातलं 'सिल्मरिलियन' आधी नको, काळानं आधीचं असलं तरी. सगळ्याच मालिका प्रकाशनाच्या क्रमानं वाचा.

'व्हील ऑफ टाइम' पहिलं म्हणून मी कुणालाच देत नाही. चौदा भाग, 1990 ते 2013. लेखक रॉबर्ट जॉर्डन 2007 मध्ये गेले, शेवटचे तीन भाग 'मिस्टबॉर्न'वाल्या ब्रँडन सँडरसननं पुरे केले. आठव्यापासून दहाव्यापर्यंत गाडी चिखलात रुतते.

फोनवर वाचणार असाल तर नकाशा दिसत नाही. ए-फोरवर प्रिंट काढून जवळ ठेवा, नाहीतर वीस पानांत दिशा चुकतात.

'गार्डन्स'ची प्रत अजून कपाटात आहे. मागाल तर देईन, दोनशे पानांची ताकीद देऊन. ती ताकीद ऐकूनच निम्मे लोक हात मागे घेतात, ते बरं की वाईट, कुणास ठाऊक.