तंबाखू लागली

कॅनडातल्या ऑन्टारिओच्या नॉरफोक भागात एका लहान हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत मी नर्स आहे. मूळची निपाणीची, नर्सिंग मिरजेला झालं. ऑगस्ट उजाडला की आमच्याकडं शेतमजूर वाढतात. कुणाचं बोट कापलेलं, कुणाची पाठ धरलेली. मेक्सिकोचे बरेच, जमैकाचेही.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी शेतावरचा सुपरवायझर एकाला दंडाला धरून घेऊन आला. मेक्सिकन, चाळिशीतला, चेहरा पांढराफटक, अंग गार, पोट धरून वाकलेला. पोटात काही उरलं नव्हतं तरी उमाळे थांबत नव्हते. मी त्याला प्रश्न विचारायची, उत्तर सुपरवायझर द्यायचा. "ऊन लागलंय. पाणीच पीत नाहीत ही माणसं." डॉक्टर महिनाभरासाठी शहरातून आलेले, तरुण. त्यांनी पोट चाचपलं आणि गॅस्ट्रो म्हणून सलाइन आणि उलटी थांबवायचं ग्रॅव्हॉल सांगितलं.

माझ्या मनात आधी फवारणी आली. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते आपल्याकडची कुठलीही नर्स विसरणार नाही. पण तसल्या औषधाची विषबाधा असती तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असत्या, तोंडाला लाळ सुटली असती. तसं काही नव्हतं.

सलाइनसाठी त्याची बाही वर सारली तर ती माझ्या बोटांना चिकटली. घामाची ओल अशी चिकटत नाही. त्याच्या बोटांवर काळपट हिरव्या चिकाचा थर होता, नखांच्या कडांना तर डांबरासारखा घट्ट. आणि वास आला. वाळलेल्या तंबाखूचा नव्हे, तो आईच्या लुगड्याला कायम असायचा, ती वखारीत चाळायला जायची. हा हिरव्या पानाचा, कडू वास. मामांच्या रानात शेंडे खुडताना हाताला यायचा तो.

मी सुपरवायझरला बाहेर बसायला सांगितलं. त्याला ते आवडलं नाही. पण मजुराचा दुभाषी म्हणून त्याच्या मुकादमालाच बसवायचं, ही आमच्याकडची सवय मला पहिल्या दिवसापासून खटकते. पोटदुखीबरोबर माणूस आणखी काय सांगेल मग? फोनवरचा दुभाषी जोडला आणि विचारलं, सकाळपासून काय काय केलंस? तो म्हणाला, "मे पेगो एल ताबाको." दुभाषी अडखळला. तंबाखूनं मारलं की आपटलं, असं काहीसं म्हणतोय, म्हणाला.

मला मात्र लख्ख कळलं. तंबाखू लागली. मामा हेच म्हणायचे. शेंडे खुडणाऱ्या पोरीला भोवळ आली की, "तंबाखू लागली गं तिला, आधी कपडं बदला." मग विहिरीच्या पाण्यानं अंघोळ.

ओल्या पानातलं निकोटीन पाण्यात उतरतं आणि कातडीतून आत जातं. पानांवरच्या शंभर मिलिलीटर दवात नऊ मिलिग्रॅमपर्यंत निकोटीन असू शकतं, हे मी नंतर वाचलं. हातानं तोडणी करणारा एका हातानं खालची पानं खुडतो आणि दुसऱ्या काखेत भारा धरतो, म्हणजे काख, छाती, दंड सकाळभर त्या पाण्यात भिजलेले. हा दव असतानाच सहाला रानात उतरला होता. कचऱ्याच्या पिशवीला भोकं पाडून रेनकोट केला होता, ऊन चढल्यावर उकाड्यानं तो काढून टाकला. शर्ट तोच, ओलाच. विडी-सिगारेट ओढत नाही, म्हणजे अंगाला सवयही नाही.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी हा आजार फक्त पुस्तकात वाचला होता, पण ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण. कपडे काढून पिशवीत बांधले, साबणानं त्याचं अंग पुसलं. तीनदा पाणी बदललं, तिन्ही वेळा ते पिवळं झालं. सातच्या सुमाराला तो उठून बसला आणि त्यानं बिस्किट मागितलं.

दव वाळेपर्यंत थांबा, नाहीतर धड रेनकोट, हातमोजे आणि बदलायला कोरडे कपडे द्या. एवढ्यावर भागतं. तेवढंही होत नाही, याचा मला आजही संताप येतो.

डॉक्टरांनी कामगार भरपाई मंडळाचा फॉर्म काढला. कामामुळं झालेला आजार, मग तो भरायचाच. ते बघून तो घाबरला. दुभाषी बोलायच्या आधी मला "नो, नो" कळलं. अकरावा हंगाम होता त्याचा. मेक्सिकोतल्या त्लास्कालात बायको, तीन मुलं. तो कॅनडाच्या हंगामी शेतमजूर योजनेतून यायचा. मेक्सिको या योजनेत १९७४ पासून आहे. वर्षाला जास्तीत जास्त आठ महिने, परवाना एकाच मालकाचा. हंगाम संपला की मालकाचा शेरा बंद पाकिटात घेऊन गावी जायचं, आणि पुढच्या वर्षी मालकानं नाव घालून बोलावलं तरच त्याच्याकडं परतायचं. आजारी माणसाला परत पाठवतात हेही त्याला ठाऊक होतं. ती नुसती भीती नाही. २००१ ते २०११ मध्ये ऑन्टारिओतून ७८७ शेतमजूर वैद्यकीय कारणानं मायदेशी पाठवले गेले.

"लिहू नका, ऊन लागलं म्हणा," असं तो दोनदा म्हणाला. पण माझ्या नोंदीत "सकाळी सहापासून ओली तंबाखू" आधीच लिहिलं होतं, आणि ते मी खोडणार नव्हते. फॉर्म गेला. मंडळाकडून मालकाला कळतंच. त्या मजुरानं माझ्याकडं पाहिलं नाही. जाताना साबण मात्र मागून घेतला.

गेल्या ऑगस्टमध्ये त्याच शेतावरचा एक जण अंगठ्याला टाके घालायला आला. टाके झाल्यावर मी मोडक्या स्पॅनिशमध्ये नुसतं विचारलं, त्लास्कालाचा तो कुठं आहे? "नो लो पिदिएरोन," तो म्हणाला. त्याला मागवलं नाही.

माझ्या नोंदीमुळं, की मालकानं त्या वर्षी माणसंच कमी आणली, कोण जाणे. समोर बसलेल्याच्या हाताला मी पट्टी गुंडाळत होते आणि बोटं पाहत होते. नखांच्या कडांना तोच काळा चीक होता. मी साबण आणि कोमट पाण्याचं भांडं आणायला उठले.