आमची वाटचाल : काडतूस ओळखण्याचा धंदा

सुरुवात जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरांच्या साफसफाईने आणि स्प्रिंगा बदलण्याने झाली. पण रिव्हॉल्व्हर घेऊन येणारा जाता जाता हमखास विचारायचा, "याला काडतूस कुठलं लागतं?" दुरुस्तीच्या बिलावर घासाघीस करणारी माणसं या उत्तराचे पैसे मात्र खुशीने देतात, हे ध्यानात आलं. मग दुरुस्ती हळूहळू मागे पडली.

नळीवरचा छाप वाचला की काम झालं, असा समज असतो. १९१५ साली आलेलं वेब्ली मार्क ६ हे ब्रिटिश रिव्हॉल्व्हर घ्या. मूळ काडतूस .४५५ (आकडा इंचातल्या ढोबळ व्यासाचा). पुढे अनेकांचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं धरणारा फिरता भाग, मागून घासून त्यात क्लिप लावलेलं .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस बसवण्यात आलं. ते बसतं, उडतंही. पण त्याचा दाब मूळ काडतुसापेक्षा बराच जास्त. म्हणून "बसतंय की!" हा युक्तिवाद आमच्याकडे चालत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी बनलेली स्मिथ अँड वेसनची (एस अँड डब्ल्यू) व्हिक्टरी मॉडेलं याहून फसवी. मूळची .३८ एस अँड डब्ल्यू काडतुसाची, नंतर कित्येकांची चेंबरं, म्हणजे सिलिंडरमधली काडतूस बसायची भोकं, .३८ स्पेशल या दुसऱ्या काडतुसासाठी खोल केलेली. स्पेशलची केस, म्हणजे काडतुसाची धातूची नळी, लांब पण बारीक, चेंबर मात्र मागे जुन्याच रुंदीचं. परिणामी केस बुडाशी फुगते, कधी उभी चिरते.

तेव्हा बोलायचं ते चेंबरशीच. पुढून चिंधीचं बूच मारायचं आणि बिस्मथचा मिश्रधातू ओतायचा. तो उकळत्या पाण्याच्याही खालच्या तापमानाला वितळतो. थंड होताना आधी आकसतो, मग पुन्हा फुगू लागतो आणि तासाभराने चेंबरच्या नेमक्या मापावर येतो. कॅलिपर तेव्हा लावायचा, आधी नाही. नव्या पोरांना हा तास फार जड जातो. ओतीवावर बुडाची रुंदी, तोंडाची रुंदी, केस संपते तिथली पायरी, सगळं बोटाला लागतं. नळीतून मऊ शिशाची गोळी ठोकून आतलं माप वेगळं घेतो. जमेल तिथे सगळीच चेंबरं तपासतो.

कधी अहवालात "कुठलंही नाही" असं लिहावं लागतं. बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या काळातलं शस्त्र असेल, तर नाव जुळणारं आजचं काडतूसही त्याला झेपेलच असं नाही. काही मंडळी यावर हुज्जत घालतात. संग्रहालयवाले घालत नाहीत, त्यांना फलकावर अचूक नोंद हवी असते.

काडतुसंही विकायला ठेवा, असं बरेच जण सुचवतात. ठेवलेली नाहीत. दुकानात माल असला की उत्तर त्याच्याकडे झुकायला लागतं.