तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी टाईप करायला मी कुठला कीबोर्ड वापरते

ताई, एवढं भराभर मराठी कसं टाईप करता, ॲप कुठलं, हे मला सारखं कोणीतरी विचारतं. फोनवर हेलीबोर्ड आणि लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट, एवढंच उत्तर आहे. पण लगेच पुढचा प्रश्न येतो, त्यात इंग्रजी अक्षरात लिहिलं की आपोआप मराठी होतं का? नाही होत. मग कशाला वापरता? तर त्या "कशाला"चं उत्तर जरा लांब आहे.

मागच्या दिवाळीत आईकडे होते. तिचा फोन फार अडकतो म्हणून बघत बसले, तर त्यात कुठलातरी गणपतीच्या थीमचा कीबोर्ड, दिसायला छान, आईचा आवडता. सेटिंगमध्ये परमिशन बघितल्या तर कॉन्टॅक्ट्स, माईक, लोकेशन, आणि अगदी खाली, जिथे सहसा कोणी जात नाही तिथे, फुल नेटवर्क ॲक्सेस. कॉन्टॅक्ट्स हवे असतील तर अँड्रॉइड तुम्हाला विचारतं, पण इंटरनेटसाठी विचारतच नाही, ॲप टाकलं की ते मिळूनच जातं. आणि आई या कीबोर्डवर काय लिहिते? मावशीच्या बायोप्सीच्या रिपोर्टची चौकशी करते, बँकेचा पासवर्ड टाकते, बाबा गेल्यापासून रात्री झोप लागत नाही ते मला लिहिते.

ती म्हणाली, "अगं, पण व्हॉट्सॲपवरचं मधे कोणाला वाचता येत नाही ना?" बरोबर आहे तिचं, २०१६ पासून त्यात एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे. पण ते कुलूप मेसेज निघताना लागतं, आणि त्याच्या आधी प्रत्येक अक्षर कीबोर्डच्या हातून गेलेलं असतं. पाकीट कितीही घट्ट चिकटवलं तरी पत्र लिहिताना शेजारी कोण बसलंय ते बघायला नको का?

ही नुसती शंका नाही. डिसेंबर २०१७ मध्ये एआय.टाईप नावाच्या कीबोर्डचा डेटाबेस पासवर्डशिवाय उघडा सापडला, ५७७ जीबी, ३ कोटी १० लाख लोकांची माहिती, त्यात कित्येकांच्या फोनमधले कॉन्टॅक्ट्ससुद्धा. मग २०२४ मध्ये टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबनं नऊ कंपन्यांचे चिनी कीबोर्ड तपासले, त्यातल्या आठांमध्ये टाईप केलेलं वाटेतच वाचता येईल अशा त्रुटी निघाल्या. तिथे रोमन अक्षरांवरून चिनी शब्द ओळखायचा असतो, आणि तो अंदाज नीट यावा म्हणून लिहिलेलं सर्व्हरवर पाठवलं जातं. आपलं इंग्रजी अक्षरातलं मराठी ओळखायचं म्हणजे तसंच अंदाजाचं काम, म्हणून मला ते जवळचं वाटलं. सगळेच कीबोर्ड असं करतात असं मी म्हणत नाही, मोठ्या कंपन्यांचे बरेचसे अंदाज आता फोनवरच होतात असं त्या सांगतात, पण आत काय चाललंय ते बाहेरच्या कोणाला उघडून बघता येत नाही, आणि माझी अडचण तिथेच आहे.

हेलीबोर्ड ओपन सोर्स आहे. मला कोड वाचता येत नाही, पण ज्यांना येतो त्यांच्यासाठी तो उघडा आहे, आणि मला जे बघता येतं ते मी बघितलं: आईच्या कीबोर्डची परमिशन जिथे दिसली तिथेच याची बघा, इंटरनेटची परमिशनच नाही. एवढं कोणालाही दोन मिनिटांत तपासता येतं. बोलून टाईप करायची सोय त्याची स्वतःची नाही, ते काम तो दुसऱ्या ॲपवर सोपवतो. ज्यांचा हात दुखतो किंवा ज्यांना दिसायला त्रास होतो त्यांच्यासाठी ही मोठी उणीव आहे, आणि त्यांना मी आग्रह करत नाही.

इन्स्क्रिप्ट मात्र सगळ्यांनी एकदा शिकाच. भारत सरकारनं १९८६ मध्ये प्रमाण ठरवलेला हा लेआउट, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं अक्षर याची मांडणी, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे आधीपासून असतो, वेगळं काही टाकायला लागत नाही. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. इंग्रजी के (K) च्या बटणावर क, शिफ्ट दाबलं की ख. ग-घ, त-थ, प-फ सगळ्या जोड्या तशाच, एनवर ल आणि शिफ्टसकट ळ, म्हणजे शाळेत पाठ केलेली मुळाक्षरंच बोटांत उतरतात. मला पंधरा दिवस लागले, पहिले चार फार रडवणारे होते, पण आता "बाळ" लिहिताना तो बाल होईल की बाळ याची वाट बघावी लागत नाही.

आईच्या फोनवर आता हेलीबोर्डच आहे. गणपतीची थीम गेली म्हणून दोन दिवस हळहळली, मग मी तोच गणपती वॉलपेपरला लावून दिला. ठ अजून शोधावा लागतो तिला. परवा मावशीला काहीतरी लिहीत होती, मी शेजारीच बसले होते, तर तिनं फोन हळूच माझ्यापासून वळवून घेतला आणि लिहीत राहिली.