जिमच्या छतावरून येणारे खोटे निरोप

फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धेच्या पात्रता फेऱ्यांमध्ये मी फील्डशेजारी तांत्रिक सल्लागार म्हणून उभा असतो. बारा बाय बारा फुटांचं फील्ड, एका वेळी चार रोबो, अडीच मिनिटांची मॅच. पहिली तीस सेकंदं रोबो स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो, मग दोन मिनिटं मुलं चालवतात. या रोबोंना इंटरनेट लागतच नाही, हे बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. रोबोवरचा कंट्रोल हब, म्हणजे रोबोचा मेंदू, हाच एक छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पुरवणारा डबा, असतो आणि मॅचमध्ये त्याच्याशी बोलणारं यंत्र एकच, त्या टीमचं ड्रायव्हर स्टेशन, ज्यावरून मुलं रोबो चालवतात. म्हणजे तीस टीम आल्या की एका जिममध्ये तीस वेगवेगळी वायफाय नेटवर्क उभी राहतात. शाळेचं वायफाय आणि प्रेक्षकांचे फोन त्याशिवाय.

न्यू जर्सीतल्या एका शाळेत, हिवाळ्यातल्या एका शनिवारी, सकाळच्या मॅचमध्येच रोबो मधूनच थांबायला लागले. रोबो थांबला की पहिला संशय टीमवर जातो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. चारही मोटर एकदम अडल्या की १२ व्होल्टची बॅटरी खाली बसते आणि हब रीस्टार्ट होतो. बॅटरीचा कनेक्टर सैल असला की धडकेसरशी तेच होतं. कॅमेरा यूएसबी ३.० च्या पोर्टला लावला, तर त्या पोर्टचा गोंगाट थेट वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, तो २.० च्या पोर्टला हलवायचा. कुणी हब दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये बसवतं. अँटेना हबच्या पोटातच असल्याने सिग्नल तिथेच अडतो. थंडीत हवा कोरडी असते, फोमच्या फरशीवर चाकं घासून रोबोवर स्थिर वीज साचते आणि दुसऱ्या रोबोला किंवा भिंतीच्या धातूला टेकताच ती हबमधून उतरते. त्यासाठी फरशीवर अँटी-स्टॅटिक फवारा मारायचा आणि हब धातूवर न बसवता प्लास्टिकच्या किंवा लाकडी तुकड्यावर बसवायचा.

यातल्या प्रत्येक बिघाडाची खूण वेगळी असते. हब रीस्टार्ट झाला, तर परत यायला बराच वेळ घेतो. स्थिर विजेने मोटर किंवा सेन्सर गप्प होतात, पण वायफाय सहसा टिकून राहतं. चॅनलवर, म्हणजे वायफायच्या ज्या ठरावीक लहरींवर रोबो बोलतो तिथे, गर्दी असेल तर ड्रायव्हर स्टेशनवरचा पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, आधी चढत जातो, रोबो अडखळत चालतो आणि मग तुटतो. त्या दिवशी पिंग दहा मिलिसेकंदांच्या आत शांत होता आणि पुढच्या क्षणी जोडणीच नाही. काही सेकंदांत ती आपोआप परत यायची आणि हब रीस्टार्ट झालेला नसायचा. पण प्रोग्रॅम थांबलेला असतो, तो पुन्हा सुरू करेपर्यंत दोन मिनिटांतला मोठा तुकडा जातो.

इन्स्पेक्शनवाले तरीही टीमला वायरिंग तपासायला परत पाठवत होते. बारा-तेरा वर्षांची मुलं चांगलं वायरिंग उसवून पुन्हा करत बसली. त्याचा मला फार राग आला. पिंगचा आकडा समोर दिसत असताना तो न वाचता मुलांना दोष देणं हे आमच्यातल्या अनुभवी स्वयंसेवकांनी तरी करू नये.

मग रोख प्रेक्षकांकडे वळला. याला कारण आहे. २०१२ मध्ये सेंट लुईसला फर्स्टच्याच मोठ्या रोबोंच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत जोडण्या तुटल्या आणि चौकशीत निघालं की कुणीतरी फोनवरून मुद्दाम रोबोंच्या नेटवर्कमध्ये घुसायचा प्रयत्न करत होतं. तेव्हापासून रोबो थांबला की प्रत्येकजण गॅलरीत गुन्हेगार शोधतो. माइकवरून हॉटस्पॉट बंद करायला सांगितलं. एक मराठी बाबा खाली येऊन म्हणाले, "अहो, पुण्याहून आजी-आजोबा बघतायत, बंदच करावं लागेल का?" मी हो म्हटलं. स्पर्धेच्या जागी हॉटस्पॉट नको हे बरोबरच आहे. पण एका हॉटस्पॉटने जोडणी अशी कापल्यासारखी तुटत नाही, चॅनल फक्त थोडा भरतो.

सगळ्यांची दिशाभूल केली ती चॅनल बदलण्याने. हबच्या वायफायला लॅपटॉप जोडून १९२.१६८.४३.१ या पत्त्यावर, ८०८० पोर्टवर मॅनेज पान उघडायचं, चॅनल निवडायचा, अप्लाय करायचं. ज्या टीमना त्रास होत होता त्यातल्या बऱ्याच १४९ क्रमांकाच्या चॅनलवर होत्या. त्यांना ३६ वर हलवलं आणि त्रास बराच कमी झाला. "बघा, १४९ वर गर्दी होती," असं म्हणून सगळे निर्धास्त झाले. पण चॅनल बदलल्यावर सुधारणा दोन्ही कारणांनी होऊ शकते: गर्दी असली तरी आणि त्या चॅनलवर बसून कुणी जोडण्या तोडत असलं तरी. त्यामुळे या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नव्हतं. शिवाय ३६ वरही अधूनमधून जोडण्या तुटतच होत्या.

म्हणून लॅपटॉपचं वायफाय मॉनिटर मोडला टाकलं, म्हणजे कुठल्याही नेटवर्कला न जोडता हवेतली प्रत्येक फ्रेम, म्हणजे वायफायचा एकेक निरोप, नुसती ऐकायची. वायरशार्क या निरोप तपासायच्या प्रोग्रॅममध्ये डीऑथेंटिकेशनच्या, म्हणजे जोडणी तोडायला सांगणाऱ्या, फ्रेम (मॅनेजमेंट फ्रेमचा उपप्रकार १२) तेवढ्या गाळून घेतल्या. त्या झुंडीने येत होत्या. पाठवणाऱ्याचा पत्ता रोबोच्या हबचा, मजकूर एवढाच की जोडणी संपली. ड्रायव्हर स्टेशन बिचारं तो निरोप खरा मानून बाजूला व्हायचं. दुसऱ्याची खोटी सही करून चिठ्ठी पाठवावी तसा हा प्रकार. त्या हबच्या डब्ल्यूपीए२ या पद्धतीने सुरक्षित केलेल्या जोडणीत या फ्रेमना संरक्षण नव्हतं. ते संरक्षण देणारी ८०२.११डब्ल्यू ही सुधारणा २००९ ची आहे, पण ती दोन्ही टोकांना चालू असावी लागते.

निरोप खोटा आहे हे दोन गोष्टींवरून ठरलं. हब 'मी इथे आहे' असं सांगायला सतत पाठवतो त्या बीकन फ्रेमचा अनुक्रमांक एकेक करून वाढत होता आणि या फ्रेमचा आकडा त्या मालिकेत कुठेच बसत नव्हता. दुसरी खूण चालत जाऊन मिळाली. फील्डशेजारी बीकनची ताकद उणे ४५ डीबीएमच्या आसपास आणि खोट्या फ्रेमची उणे ६५ (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरात). लॅपटॉप घेऊन बास्केटबॉलच्या बोर्डाकडे गेलो, तर बीकन क्षीण होत गेले आणि खोट्या फ्रेम जोरात यायला लागल्या. वर छताला शाळेचा अ‍ॅक्सेस पॉइंट होता आणि तो १४९ वरच चालत होता.

शाळेच्या वायफायसारख्या मोठ्या यंत्रणांमध्ये अनोळखी अ‍ॅक्सेस पॉइंट दिसला की त्याच्या जोडण्या आपोआप तोडण्याची सोय असते. स्वतःच्या चॅनलवर तो हे सतत करू शकतो. बाकीच्या चॅनलवर फक्त अधूनमधून डोकावतो, म्हणून ३६ वर त्रास कमी होता. शाळेच्या दृष्टीने आमचे सगळे रोबो घुसखोर होते.

शनिवारी शाळेत नेटवर्कचा माणूस नसतो. स्पर्धेच्या संचालिकेने मुख्याध्यापकांमार्फत नेटवर्कवाल्यांचा घरचा नंबर मिळवला. त्यांनी घरूनच कंट्रोलरवर, म्हणजे सगळे अ‍ॅक्सेस पॉइंट चालवणाऱ्या यंत्रावर, ती सोय बंद केली आणि फ्रेम तिथल्या तिथे थांबल्या. माणूस भला होता. यंत्रणा बसवणाऱ्या कंत्राटदाराने ती चालू ठेवली आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. अमेरिकेत हे साधं प्रकरण नाही. नॅशव्हिलच्या एका हॉटेलात पाहुण्यांचे हॉटस्पॉट याच पद्धतीने तोडल्याबद्दल एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने २०१४ मध्ये मॅरियटकडून सहा लाख डॉलर वसूल केले आणि जानेवारी २०१५ मध्ये असं तोडणं बेकायदा असल्याची जाहीर सूचना काढली. तरी शाळांच्या छतांवर ही सोय चालू सापडते.

आता जागा ठरली की शाळेला लेखी विचारावं: अनोळखी अ‍ॅक्सेस पॉइंट तोडण्याची सोय चालू आहे का, स्पर्धेच्या दिवशी ती कोण बंद करेल, त्यांचा शनिवारी लागणारा फोन नंबर कोणता, जिममधले अ‍ॅक्सेस पॉइंट कुठल्या चॅनलवर आहेत. "वायफाय चांगलं आहे ना?" एवढंच विचारलं तर उत्तर हमखास हो येतं.

मला अजून सतावतात त्या सकाळच्या मॅच. त्या हंगामाच्या नियमांत पुन्हा मॅच खेळवायची तर वायफायमधला व्यत्यय पडताळलेला असावा लागे आणि निकाल बदलण्याइतका मोठा असावा लागे. ज्या मॅचची नोंद लॅपटॉपवर होती, ती मुख्य रेफरीने पुन्हा खेळवली. आधीच्या मॅचची हवेतली नोंद कुणाकडेच नव्हती, कारण बहुतेक छोट्या स्पर्धांत फक्त वायफाय ऐकायला वेगळा माणूस नसतो. मी रेफरीला त्या टीमच्या हबचे लॉग, म्हणजे हबने स्वतः ठेवलेल्या नोंदी, दाखवले: तीच अचानक तूट, काही सेकंदांत तीच परत जोडणी, मध्ये रीस्टार्ट नाही. तो म्हणाला, लॉगवरून जोडणी तुटली हे कळतं, कुणी तोडली हे नाही. नियमाच्या शब्दांत तो बरोबर होता. माझं म्हणणं असं की त्याच दिवशी, त्याच चॅनलवर, त्याच छताखाली कारण पकडलं गेलं असेल, तर तीच खूण असलेला लॉग पुरावा म्हणून धरायला हवा. नाहीतर पडताळणीचा भार सगळा त्या मुलांवर पडतो आणि त्यांच्याकडे मॉनिटर मोडचा लॅपटॉप नसतो.